कोपीवरच्या पोरांनाही मैदानात घ्या



गळिताचा हंगाम सुरू झाला की आपल्या तोंडी चारच गोष्टी असतात. तोड कधी येणार, काट्यावर वजन किती भरले, उतारा काय पडला आणि पहिला हप्ता कधी निघणार. यात काही गैर आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्हीही ऊस लावतो, पाण्याच्या पाळीसाठी रात्री जागतो आणि तोडीच्या चिठ्ठीसाठी चिटबॉयच्या मागे फिरतो. परंतु आपल्या या पत्रिकेत भावाबद्दल आणि उताऱ्याबद्दल दर अंकात छापून येते. आज एका निराळ्या गोष्टीकडे सभासदांचे लक्ष वेधावे, असे आमच्या मनात आहे. ही गोष्ट आपल्या फडात ऊस तोडणाऱ्यांच्या लेकरांची आहे, आणि ती अभ्यासाची नसून खेळाची आणि कलेची आहे.

मागल्या हंगामात जानेवारी महिन्यात आमच्या उसाला तोड आली. बारा कोयत्यांची टोळी होती, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली. त्यांच्या कोप्या गावच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर पडल्या होत्या. त्याच आठवड्यात शाळेत क्रीडा सप्ताह चालू होता. मैदानावर फक्कीने रेषा मारल्या होत्या, पोरीपोरी पळण्याच्या शर्यतीला उभ्या होत्या. टोळीतली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन रेषेजवळ आली आणि गुरुजींना म्हणाली, "गुर्जी, मला बी पळायचंय." गुरुजी म्हणाले, "बाई, तुझं नाव आपल्या हजेरीत न्हाई. यादी वर पाठवावी लागती." गुरुजी माणूस वाईट नव्हता. त्याला कागद पुरे करायचे होते. मुलगी काही बोलली नाही, भावाला या कडेवरून त्या कडेवर घेऊन कोपीकडे निघून गेली.

आम्ही तिथेच उभे होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. हे आधी कबूल केले पाहिजे. संध्याकाळी फडावर तिच्या आईला सहज विचारले तेव्हा कळले की ही पोर आपल्या गावच्या शाळेत खो-खोच्या संघात होती. तालुक्याला खेळून आली होती. संघ पुढे गेला तोवर दिवाळी आली, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात उभा राहिला आणि पोरीला आईबापाबरोबर निघावे लागले. "तिकडं सुटलं, हिकडं घेईनात," एवढेच आई म्हणाली. आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

दोन हंगामांची टक्कर

अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. शालेय क्रीडा स्पर्धांचे आपल्या राज्यातले गणित ठरलेले आहे. पावसाळा उलटता उलटता तालुक्याच्या स्पर्धा सुरू होतात, मग जिल्हा, मग विभाग आणि हिवाळ्यात राज्य. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. शाळांची स्नेहसंमेलने, नाटुकली, समूहगीते, चित्रकलेच्या स्पर्धा हेही सगळे दिवाळी ते जानेवारीच्या दरम्यान होते. आणि आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे गाव सोडतात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास, परततात ती मार्च-एप्रिलात, पट्टा पडल्यावर. म्हणजे शाळेचा खेळाचा हंगाम आणि कारखान्याचा गळिताचा हंगाम एकाच वेळी येतात. ज्या मुलाचे आईबाप कोयता धरतात त्याच्यासाठी खेळाचा हंगाम दरवर्षी अर्ध्यावर मोडतो.

अभ्यासाचे बुडाले तर ते भरून काढण्याची काहीतरी सोय निघाली. पूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालत. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, २०१० पासून लागू झाला, आणि मूल जिथे असेल तिथल्या शाळेत त्याला बसण्याचा हक्क मिळाला. शिक्षण हमी कार्ड आले. आपल्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालतात, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी पोरगे गावातच राहून शिकावे. २०२१ साली शासनाने संत भगवान बाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. या साऱ्याची अंमलबजावणी कुठे बरी, कुठे कागदावर, हा वेगळा विषय आहे. पण निदान पाटी-पुस्तकाचा विचार झाला. खेळाचा आणि कलेचा विचार मात्र कोणाच्याच यादीत नाही. पोराला दोन वेळा जेवू घातले, वर्गात बसवले की जबाबदारी संपली असे सगळे धरून चालतात.

आणि हे दोन्ही बाजूंनी आहे. आपल्या कार्यक्षेत्रात बाहेरून टोळ्या येतात, त्यांची लेकरे आपल्या गावांत चार-पाच महिने राहतात. त्याच वेळी आपल्याच वाड्यावस्त्यांवरची, तांड्यांवरची मुले सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगरकडे आणि पार कर्नाटकापर्यंत जातात. कित्येक सभासदांच्या भावकीतले, शिवेशेजारचे लोक त्यांत असतात. एकरभर ऊस असलेला आणि तरीही कोयता घेऊन जाणारा सभासदही आपल्या रजिस्टरवर सापडेल. तेव्हा हा प्रश्न परक्याचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

या मातीत काय पिकते

कोणी म्हणेल, पोटाला चिमटा घेऊन राबणाऱ्यांच्या पोरांना खेळ कशाला? त्याने आपल्या जिल्ह्याकडे डोळे उघडून पाहावे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकरी-कष्टकरी घरातला, शाळेसाठी रोज कोसभराहून जास्त पायपीट करणारा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक घेतले, २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष धावपटू ठरला. पाटोद्याकडचा राहुल आवारे २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचा सुवर्णपदक विजेता झाला, २०१९ साली त्याने जागतिक स्पर्धेत कांस्य आणले. बीडच्या सचिन धसने २०२४ साली १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढून सामना ओढून आणला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय मुलींच्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली.

आता यातली मेख बघा. अविनाशची स्टीपलचेसशी गाठ पडली ती सैन्यात गेल्यावर. राहुलला तालमीसाठी पुणे गाठावे लागले. प्रियंका वाढली आणि खेळली ती पुण्याकडे. माती आपली, बियाणे आपले, पण उगवण दुसऱ्याच्या शेतात. जी पोरे बाहेर पडू शकली ती दिसली. जी कोपीवर राहिली त्यांत कोण कोण होते हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण त्यांना कोणी रेषेवर उभेच केले नाही.

कलेचेही तेच. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर ओवी लिहिणाऱ्या माणसाचा हा मुलूख. आपल्या फडावर रात्री हलगी वाजते, तांड्यावरच्या पोरी लेंगीची गाणी म्हणतात, म्हातारी माणसे भारूड लावतात. हे सारे त्या लेकरांच्या अंगात मुरलेले असते. पण शाळेच्या गॅदरिंगला उभी राहतात ती सिनेमाच्या गाण्यांवर नाचणारी पोरे, आणि कोपीवरची पोरे मांडवाच्या कनातीबाहेरून डोकावतात.

यात काय पणाला लागले आहे

पदकांची गोष्ट सोडून देऊ. हजारात एखाद्याला पदक मिळते. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांचे काय, हा खरा प्रश्न. पोरगे शाळा सोडते ते एका दिवसात सोडत नाही. आधी वर्गात मागे पडते, मग मागच्या रांगेत बसते, मग गुरे राखायला जाते आणि एक दिवस बापाच्या हाताखाली मोळ्या बांधायला लागते. शाळेत त्याला ओढून ठेवील असे एकच ठिकाण असते, जिथे तो पहिला येऊ शकतो. गणितात मागे असलेले पोरगे पळण्यात पहिले येते, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते शाळेत येतेच. ज्यांनी शाळा चालवली आहे त्यांना हे सांगायला नको.

मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट जिवाशी येते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली. शंभरात जवळपास चव्वेचाळीस. आईबाप सहा महिने परमुलखात, वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने लग्न उरकतात. दोष एकट्या आईबापांचा नाही. पण खो-खोच्या संघातली पोर एके दिवशी सरावाला आली नाही तर आठ जणी तिच्या घरी जाऊन विचारतात, "काहून आली न्हाई?" संघ म्हणजे विचारणारी माणसे. ज्या पोरीला विचारणारे कोणी नाही तीच गुपचूप मांडवात उभी राहते. शिवाय खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे गुण दहावीला धरतात. ज्यांना या सवलतींची सर्वांत जास्त गरज त्यांनाच त्यांचे दार बंद, हा कुठला न्याय?

कारखान्याने यात का पडावे

याला उत्तर सोपे आहे. ही मुले आपल्या शिवारात आली ती आपल्या उसामुळे. त्यांच्या आईबापांनी पहाटे चारला उठून तोडलेला ऊस आपल्या गव्हाणीत पडतो, त्याचीच साखर होते आणि त्याच साखरेतून आपले बिल निघते. हंगामापुरती का होईना, ही लेकरे आपल्या गावची आहेत.

आणि कारखान्याने असे काम करणे नवे नाही. सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास सभासदांनी आठवावा. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवून कारखाना उभा केला, त्याच्यामागोमाग तिथे शाळा-कॉलेजे उभी राहिली. वारणेला तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर कारखाना काढला आणि खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या हाती वाद्ये देऊन वारणा बालवाद्यवृंद उभा केला. त्याचे नाव महाराष्ट्राबाहेरही झाले. तिथले कुस्तीचे मैदानही गाजते. तात्यासाहेबांना साखर कळत नव्हती असे कोणी म्हणेल काय? त्यांना हेही कळत होते की नुसत्या पोत्यांच्या थप्पीने माणूस मोठा होत नाही.

एकट्या शाळेचे काम नव्हे

आमची सूचना अशी आहे की आपल्या कारखान्याने दरवर्षी हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातल्या शाळांच्या आंतरशालेय क्रीडा व कला स्पर्धा भरवाव्यात. त्यांत गावची मुले, हंगामी वसतिगृहातली मुले आणि कोप्यांवरची मुले, तिन्ही बरोबरीने असावीत.

यातली पहिली अडचण संघाची. खो-खोला मैदानात नऊ जण लागतात, कबड्डीला सात. वस्तीशाळेत चौथीपर्यंत मिळून वीस पोरे, त्यांतली आठ तोडीला गेलेली. अशी शाळा संघ कुठून काढणार? म्हणून एका शाळेचा संघ ही अटच काढून टाकावी. एका केंद्रातल्या सगळ्या शाळांचा मिळून एक संघ धरावा. चार शाळांची पोरे एकत्र आली की संघही होतो आणि ओळखही होते.

दुसरी अडचण हजेरीची, म्हणजे त्या मुलीला जी आडवी आली ती. तिथे नियम एका ओळीचा असावा. मूल आज जिथे राहते तिथल्या संघातून ते खेळेल. नाव पटावर असो वा नसो. वाटले तर मुकादमाने किंवा आईबापाने वय सांगावे आणि गुरुजींनी ते लिहून घ्यावे. आपल्याला कोणाला राज्य पातळीवर पाठवायचे नाही. कागदावाचून एकही लेकरू परत जाता कामा नये.

हे काही आमच्या डोक्यातले खूळ नव्हे. अमेरिकेत १९९१ साली मिनेसोटा राज्याने एक कायदा केला आणि १९९२ पासून तिथे 'चार्टर शाळा' नावाच्या शाळा निघाल्या. सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण ज्यांचा कारभार त्यांचा त्यांच्याकडे. यांतल्या कित्येक शाळा लहान. कुणाला मैदान नाही, कुणाकडे संघापुरती मुले नाहीत. तेव्हा पेनसिल्वेनिया, फ्लोरिडा अशा राज्यांनी कायद्यातच सोय केली की अशा शाळेतल्या मुलाच्या शाळेत तो खेळ नसेल तर त्याने आपल्या घराच्या हद्दीतल्या सरकारी शाळेच्या संघातून खेळावे. शाळा कोणती, पट कोणाचा, हे मोठ्यांचे हिशेब. मुलाचा खेळ त्यासाठी अडू नये, एवढे त्यांना पटले. आपल्याला न पटण्यासारखे त्यात काय आहे?

कसे करावे

दिवस आम्ही सुचवतो. १५ जानेवारी ही खाशाबा जाधवांची जयंती. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक घेऊन स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारा हा कराडजवळच्या गोळेश्वरचा गडी. राज्याने हा दिवस आता क्रीडा दिन म्हणून धरला आहे. त्याच सुमारास संक्रांत असते, हंगाम भरात असतो, टोळ्या सगळ्या जागेवर असतात. संक्रांतीच्या आगेमागे दोन दिवस ठरवले तर सोयीचे होईल.

खेळ असे निवडावेत की साहित्य लागू नये. धावणे, लंगडी, खो-खो, कबड्डी, दोरीवरच्या उड्या, लांब उडी. कलेत चित्र, रांगोळी, गोष्ट सांगणे, पोवाडा, भारूड, लेझीम, हलगी आणि ज्याच्या त्याच्या घरची गाणी. सिनेमाच्या गाण्याला बंदी नको, पण घरच्या गाण्याला वेगळे बक्षीस ठेवावे. मग बघा कोपीवरून काय काय बाहेर येते.

आता चार बारीक गोष्टी, ज्यांच्यावर सगळे अवलंबून आहे.

पहिली गोष्ट पाळण्याची. ती मुलगी नाव नसल्यामुळे थांबली हे खरे, पण नाव असते तरी ती पळाली कशी असती? भाऊ कडेवर होता. आई फडात. मोठी बहीण म्हणजे टोळीतली दाई. म्हणून मैदानाच्या कडेला सावलीत पाळणाघर पाहिजे, अंगणवाडीच्या ताईंना विनंती करून दोन दिवस ते चालवावे. हे नसेल तर मुली येणार नाहीत, आणि मग आपण म्हणू की त्यांना आवड नाही.

दुसरी गोष्ट ने-आणीची. मोकळ्या ट्रॉलीत पोरे कोंबून आणण्याचा मोह कोणी करू नये. हंगामात आपले रस्ते कसे असतात ते सर्वांना ठाऊक आहे. शाळेची बस किंवा जीप ठरवावी, उजेडात आणावे, उजेडात पोचवावे.

तिसरी गोष्ट सरावाची. दोन दिवसांचा उत्सव करून उरलेले वर्ष मोकळे सोडले तर उपयोग नाही. हंगामभर आठवड्यातून दोन संध्याकाळी एक क्रीडाशिक्षक गाडीतळावर आणि एक वसतिगृहावर जावा. एक शिट्टी, एक दोरी आणि फक्कीचे पोते, एवढ्यावर काम भागते. वसतिगृहातल्या पोरांना आईबापाची आठवण येते ती दिवेलागणीलाच. त्या वेळी पोर मैदानात घामाघूम झालेले असेल तर रात्री जेवून झोपेल.

चौथी गोष्ट प्रमाणपत्राची. त्यावर दोन शाळांची नावे असावीत, आज जिथे आहे तिथली आणि गावाकडची. एप्रिलात पोरगे गावी गेले की तिथल्या गुरुजींच्या हाती तो कागद पडावा. पुढल्या वर्षी तालुक्याच्या संघात नाव घालताना त्यांना तो आठवेल.

बक्षीस म्हणून ढाली आणि कप नकोत. कोपीत ढाल कुठे ठेवणार? खेळायला येणाऱ्या प्रत्येक लेकराला पायातले बूट द्यावेत, जिंकणाऱ्यालाही आणि हरणाऱ्यालाही. पाचटातून अनवाणी फिरणारी पावले आपण रोज बघतो.

आणि एक विनंती संचालक मंडळाला, रागावू नये. त्या दिवशी हार-शाली, सत्कार आणि भाषणे नकोत. पोरे दोन-दोन तास उन्हात बसतात आणि स्टेजवर नारळ फिरत राहतात, हे आपण फार पाहिले. चेअरमनसाहेबांनी शिट्टी वाजवून पहिली शर्यत सोडावी. त्यांचा मान त्यातच आहे.

पैशाचे काय

बिलातून कपातीचा शब्द काढला की सभासदाच्या कपाळाला आठी पडते. आमच्याही पडते. दुष्काळाने पिचलेला आपला जिल्हा, वेळेवर पैसे मिळण्याची मारामार, त्यात ही कपात, ती कपात. म्हणून हिशेब मांडूनच बोलू. समजा हंगामात तीन लाख टन गाळप झाले आणि टनामागे पन्नास पैसे दिले, तर दीड लाख रुपये होतात. साठ टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला येतात तीस रुपये. काट्यावर नंबर लागेपर्यंत आपण चहाला याहून जास्त घालवतो. आणि हेही सक्तीने नको. सर्वसाधारण सभेत ठराव करावा, ज्याची संमती असेल त्याचेच घ्यावेत, नसेल त्याचे एक पैही घेऊ नये. जमा-खर्च याच पत्रिकेत पै न पै छापावा. बूट किती, बस किती, खाऊ किती. ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याने दोन दिवस पाणी वाढायला यावे. तेही सहकारच आहे.

खाशाबा हेलसिंकीला गेले ते कोणाच्या जिवावर? गावोगावच्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आम्ही कोणाला घर गहाण टाकायला सांगत नाही, तीस रुपये मागत आहोत.

कोणी असेही म्हणेल की आधी मजुरीचे बघा, उचलीचे बघा, विम्याचे बघा, मग खेळ. त्यांचे म्हणणे खोटे नाही. तोडीचा दर, मुकादमाचा हिशेब, बायामाणसांचे आरोग्य हे प्रश्न मोठे आहेत आणि खेळाने ते सुटणार नाहीत. पण मोठे प्रश्न सुटेपर्यंत लहान मूल लहान राहत नाही. दहाची पोर पाच हंगामांत पंधराची होते. तिच्यासाठी थांबायला आपल्याकडे वेळ नाही.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा म्हणून आम्ही लेखी अर्ज देत आहोत. ज्यांना पटेल त्यांनी आपापल्या गट ऑफिसात त्या अर्जावर सही करावी. ज्यांना पटणार नाही त्यांनी सभेत उभे राहून का पटत नाही ते सांगावे, आम्ही ऐकून घेऊ. पण त्याआधी सर्वांनी एक करावे. यंदा तुमच्या फडात टोळी उतरली की कोप्यांपाशी जाऊन लेकरांना एवढेच विचारावे, "काय रे, तुला काय खेळता येतं?" काय उत्तर मिळते ते ऐकावे, आणि मग सभेला यावे.

त्या मुलीची टोळी यंदा परत आपल्याकडे येईल की नाही ते मुकादमाला माहीत. आली तर ती एका वर्षाने मोठी झालेली असेल, आणि भाऊ चालायला लागला असेल. या खेपेस तिने "मला बी पळायचंय" म्हटले तर गावाने तिला काय सांगायचे, ते आपण सभेत ठरवू.

विना सहकार नाही उद्धार.

— एक ऊस उत्पादक सभासद